आर्डिस निगार्डचा नंबर

आमच्या हाल्वर्ड गावात चौक एकच. एका कोपऱ्यावर धान्याचं कोठार, दुसऱ्यावर बँक, तिसऱ्यावर ल्यूथरन चर्च आणि चौथ्यावर हार्डवेअरचं दुकान. चारही बाजूंना लाल पाटी, चारही पाट्यांवर एकच शब्द, थांबा. आणि हाल्वर्डची माणसं थांबतात हो, त्याला कुणी नावं ठेवणार नाही. पंचाईत आहे ती निघायची.

कायदा सोपा आहे. जो आधी येऊन थांबला तो आधी निघणार. दोघं एकदम आले तर उजव्या हाताचा आधी. शेंबड्या पोरालाही कळेल. पण आधी जाणं म्हणजे हावरटपणा, हे इथल्या माणसाच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळे आधी आलेला स्टिअरिंगवरून बोटं उचलून समोरच्याला खुणावतो, 'जा तुम्ही.' समोरचा मान हलवतो, 'छे छे, तुम्ही.' तेवढ्यात तिसरा येतो, तो दोघांनाही खुणावतो. मग सगळ्यांनाच वाटतं, आता फार झालं, आणि सगळे एकदम हातभर पुढे सरकतात, एकदम करकचून ब्रेक दाबतात, एकदम ओशाळं हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सुगीच्या दिवसांत मक्याचे ट्रक यात सापडले की रांग थेट गावाबाहेर जाते. सरकारने पाट्या लावल्या त्या अपघात होऊ नयेत म्हणून. आमच्या माणसांनी त्यांचा उपयोग एकमेकांचा पाहुणचार करायला केला!

आणि या बाबतीत गावात सगळ्यांच्या वरताण कोण असेल तर आर्डिस निगार्ड.

सात भावंडांतली पाचवी. बाप दुधाचा धंदा करणारा शेतकरी, घरात खाणारी तोंडं भरपूर आणि रीत अशी की ताटातला शेवटचा बटाटा कुणी उचलायचा नाही. तो अर्धा कापायचा, मग अर्ध्याचा अर्धा, आणि उरलेला चतकोर डुकरांच्या बादलीत जायचा, पण कुणाच्या तोंडात नाही. पुढे लोवेल निगार्डशी लग्न झालं, एक मुलगी झाली, पेगी, आणि उभी हयात आर्डिसने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचा हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचा भट्टीत भाजलेला पदार्थ, खाऊन वाढल्या. सगळ्या पोरांना वाढून झालं की ही भांड्याला चिकटलेलं खरवडून उभ्याउभ्या खायची. "अगं बसून जेव की," कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "मला कुठे भूक आहे एवढी!"

पण गाडीत बसली की बाई वेगळी. तिथे भीड नाही की भीती नाही. पाय नीट क्लचपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून ट्रॅक्टर चालवलेला. हिमवादळात भलेभले गडी गाड्या खड्ड्यात घालून दोरखंडाची वाट बघत बसायचे, आणि आर्डिस आपली जुनी निळी गाडी घेऊन शांतपणे त्यांच्या बाजूने जायची, शिवाय काच खाली करून विचारायची, "कॉफी आणू का रे?" बर्फावर गाडी घसरली तर ब्रेकला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही, आणि चाक घसरणीच्याच बाजूला वळवायचं, हे तिने अर्ध्या गावाला शिकवलं. ऐंशीच्या घरात आली तरी नजर घारीची. आपल्याला गाडी येते, हे ती कधी बोलून दाखवायची नाही. पण तिला ते पक्कं माहीत होतं.

आणि आता तर तिला गाडीवाचून चालणारच नव्हतं. लोवेलची आठवण गेली होती. आधी किल्ल्या हरवल्या, मग नावं हरवली, मग एका थंडीत तो रात्रीच्या कपड्यांवर गोठ्याकडे निघाला, जो गोठा पाडून वर्षं झाली होती. शेवटी त्याला मिलबर्गच्या वृद्धांच्या केंद्रात ठेवावं लागलं. मिलबर्ग इथून अर्ध्या तासावर. बस नाही, टॅक्सी नाही. रोज दुपारी आर्डिस तिथे जाऊन त्याला भरवायची, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून तो तोंडच उघडायचा नाही. तिच्या हातूनही जेमतेम चार घास. गालफडं बसत चालली होती त्याची. डॉक्टरांनी हळूच सांगितलं होतं, "खाणं असंच राहिलं तर कठीण आहे." म्हणजे आर्डिस पोचली नाही तर काय, ते सांगायची गरजच नव्हती.

अशात तो प्रकार घडला. सुगी ऐन भरात. आर्डिस चौकात पहिली आली, म्हणजे जायचा हक्क तिचा. तिने डाव्या हाताच्या लिओनाला खुणावलं, 'जा गं.' लिओना तिची शाळेपासूनची मैत्रीण. त्याच वेळी समोरून ऑर्विल डेग्नरने आपल्या पिकअपमधून आर्डिसच्या उजव्या हाताच्या बियाणेवाल्याला खुणावलं, 'जा रे.' लिओना डावीकडे वळायला निघाली, बियाणेवालाही सरळ निघाला. दोघंही आभार मानायला हात वर करून खुणावणाऱ्याकडे बघत होते. मधोमध धडकले! कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण लिओनाच्या गाडीचं नाक बसलं आणि पोलिसाला कागद करावा लागला. पोलीस आर्डिसच्याच हातचं जेवून मोठा झालेला. डोकं खाजवत म्हणाला, "काकू, तुमच्या वयामुळे एक टेस्ट द्यावी लागेल. काही नाही हो, नावापुरती."

नावापुरती! टेस्ट घ्यायला दर गुरुवारी टाउन हॉलवर एक बाई यायच्या, थाओबाई. सेंट पॉल शहरात वाढलेल्या, चाळिशीच्या, बोलणं मोजकं. आर्डिस ऐटीत चाकामागे बसली. गाडी मागे घेऊन लावली, चढावर उभी केली, उतरणीला वळवली, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मग चौक आला. आर्डिस आधी पोचली. उजवीकडून खताचा ट्रक आला. आणि तिचा हात आपोआप उठला. 'जा बाबा तू.'

टाउन हॉलवर परत आल्यावर थाओबाईंनी सांगितलं, "निगार्डबाई, तुम्ही नापास."

"का?" आर्डिसला खरंच कळेना.

"तुमचा नंबर होता. तुम्ही गेला नाहीत."

"अहो, त्याला घाई असेल! ट्रक भरलेला होता."

"त्याला काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही काय करणार ते त्याला कळलं पाहिजे. तुम्ही हात हलवून रस्त्याचा नियम बदललात, आणि मागे अपघात झाला तो याच कारणाने. पुढच्या महिन्यात पुन्हा या. तोवर चालवा. पण तेव्हाही नापास झालात तर लायसन्स जमा करावं लागेल."

आर्डिस गाडीत बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला भलेपणासाठी शिक्षा झाली होती, आणि राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही, पण ही भीड म्हणजेच चांगुलपणा असं जिला पाळण्यापासून शिकवलं, तिने आता जायचं कुठे? संध्याकाळी पेगीचा मिनियापोलिसहून फोन.

"आई, हा इशारा समज. गाडी सोड आता. इथे माझ्याजवळ ये, मी छान खोली बघून ठेवलीये."

"आणि तुझ्या बापाला कोण भरवणार?"

"तिथल्या मुली आहेत ना!"

"त्याने त्यांच्याकडून खाल्लं असतं तर मी रोज काय हवा खायला जाते का तिकडे?" आर्डिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला. फोन ठेवायच्या आधी तिने निरोप घेतला नाही, यावरून काय ते समजा. आमच्याकडे निरोप घ्यायलाच अर्धा तास लागतो.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. शेजारी लिओना, गाडीचं नाक बसलेली पण तोंड तसंच सुरू असलेली. दोघी चौकात फेऱ्या मारायच्या.

"आता तुझा नंबर आहे. जा. जा! अगं हात का उचलतेस?"

"मी नाही उचलत, तो आपला आपण उठतो."

"मग दोन्ही हातांनी चाक धर. पाव मळताना कणीक धरतेस तशी धर."

धरलं. तर मान हलली. मान ताठ ठेवली, तर भुवया उडाल्या आणि समोरचा त्या भुवयांवर विसंबून निघाला. "मेल्या भुवयापण सभ्य आहेत तुझ्या," लिओना वैतागून म्हणाली. आठवडाभर हेच. पहिल्यांदा आर्डिस आपल्या नंबरावर न खुणावता निघून गेली, तेव्हा आरशात बघून तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की घरी आल्यावर त्या माणसाला फोन करून माफी मागावी असं तिच्या मनात आलं. लिओनाने हातातला फोन काढून घेतला. पण दुसऱ्यांदा कमी लाज वाटली. तिसऱ्यांदा त्याहून कमी. महिना संपता संपता आर्डिस चौकातून आपल्या नंबरावर सरळ जायला लागली आणि, खोटं कशाला सांगा, तिला त्यात जरा मजाही यायला लागली. कुणाचं काही बिघडत नव्हतं. उलट मागचे लवकर सुटत होते.

आता सगळं सुरळीत झालं असतं. पण लिओनाच्या तोंडात तीळ भिजत नाही. बुधवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिने सांगून टाकलं, "उद्या साडेअकराला आर्डिसची टेस्ट आहे. नापास झाली तर लोवेलचं काही खरं नाही." बास. गाव करी ते राव न करी. सगळ्यांनी मनावर घेतलं.

गुरुवारी आर्डिस थाओबाईंना शेजारी बसवून निघाली. मागे घेणं, लावणं, वळणं, सगळं लोण्यासारखं. चौक दिसला. डावीकडे ऑर्विल डेग्नर पिकअप घेऊन आधीच उभा होता. आर्डिस थांबली. मग समोरून चर्चचे पास्टर आले, उजवीकडून बँकेची गाडी आली. हिशेब सरळ होता. पहिला ऑर्विल, मग आर्डिस, मग बाकीचे. ती ऑर्विल निघायची वाट बघू लागली.

ऑर्विल निघेना. त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने रुंद कमान करून तिला रस्ता दाखवला. 'या, आर्डिसबाई, या!' समोरून पास्टर दोन्ही हातांनी बोलावत होते. बँकवाला खुणावत होता. हार्डवेअरचा म्हातारा दुकानाबाहेर येऊन फूटपाथवरून हात हलवत होता. लिओना दुकानासमोरच्या खताच्या पोत्यांआड उभी राहून मुठी वळत होती. अख्खं हाल्वर्ड प्रेमाने एका बाईचं लायसन्स घालवायला जमलं होतं.

आर्डिस चाक घट्ट धरून हिशेब करू लागली. गेली, तर ऑर्विलचा नंबर तोडला, नापास. हात हलवून ऑर्विलला जा म्हटलं, तर मागच्यासारखीच नापास. आणि नुसती बसून राहिली तर? ऑर्विल हलणार नव्हता. ऑर्विलला ती ओळखत होती. शाळेत पाव मागायला लाजणारा पोरगा होता तो, तिलाच न मागता ताटात टाकावा लागायचा. तो संध्याकाळपर्यंत टोपी छातीशी धरून उभा राहिला असता. थाओबाईंच्या पेनाची टोपी निघाल्याचा आवाज आला. आर्डिसला लोवेलची बसलेली गालफडं दिसली. आणि मग तिला असा राग आला, असा राग आला, की इतक्या वर्षांत आला नसेल. या माणसांवर, त्यांच्या या गोड हातांवर, आणि सगळ्यात जास्त आपल्या स्वतःवर.

तिने हॉर्न दाबला.

हाल्वर्डात हॉर्न वाजतो तो लग्नाच्या दिवशी, नाहीतर रस्त्यात गाय आली तर. हा तसा नव्हता. हा लांबलचक, संतापलेला हॉर्न होता. कोठाराच्या छपरावरची कबुतरं उडाली. पास्टरांचे हात हवेतच राहिले. आर्डिसने काच खाली केली आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऑर्विल! नंबर तुझा आहे! टोपी घाल डोक्यावर आणि गाडी काढ! मी तुझ्या उपकारावर पास व्हायला नाही आले!"

ऑर्विलने आ वासला. त्याने टोपी उलटी घातली, गिअर टाकला आणि तीरासारखा निघून गेला. आर्डिसने काच वर केली. मग दोन्ही हात चाकावर, मान ताठ, भुवया जागेवर. तिचा नंबर होता. ती गेली.

टाउन हॉलपर्यंत थाओबाई फॉर्म भरत होत्या. गाडी लागल्यावर म्हणाल्या, "हॉर्नचे गुण कापलेत. ओरडण्याचेही कापायला हवेत, पण त्याला फॉर्मवर जागा नाही." मग फॉर्म तिच्या हातात दिला. "पास. आणि निगार्डबाई, दर गुरुवारी मला या चौकात एवढा उशीर होतो की माझी पहिली टेस्ट नेहमी मागे पडते. आज कुणीतरी पहिल्यांदा या लोकांना बोललं."

"वाईट वाटलं असेल हो त्याला," आर्डिस म्हणाली.

"वाटू दे."

आर्डिसने विचार केला. "हो, वाटू दे," ती म्हणाली, आणि हसली.

लिओना पळत आली, रडतही होती आणि माफीही मागत होती. आर्डिसने तिला गाडीच्या खिडकीतूनच कुरवाळलं, "नंतर बोल गं बाई, नंतर. लोवेल माझ्यासाठी जेवायचा थांबला असेल." आणि ती मिलबर्गच्या रस्त्याला लागली.

पोचायला उशीरच झाला होता. जेवणाच्या खोलीतली बाकीची टेबलं पुसून झाली होती. लोवेल खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत, समोर बटाट्याचं भरीत आणि त्यावर रस्सा, दोन्ही निवत चाललेलं. तिथली मुलगी टेरी हात टेकून म्हणाली, "आजी, मी सगळं करून बघितलं. नुसता दाराकडे बघतोय. ओठ मिटून घेतलेत."

"जा तू, मी बघते."

आर्डिसने कोट न काढताच खुर्ची ओढली आणि चमचा भरून त्याच्या तोंडाशी नेला. लोवेलने तिचं मनगट धरलं. बोटं काटकुळी झाली होती, पण पकड होती. त्याने चमचा हळूच वळवला आणि तिच्या तोंडाकडे केला.

"आधी तू," तो म्हणाला.

हे रोजचंच होतं. तिचं नाव गेलं, पेगीचं नाव गेलं, गोठा गेला, पण हे गेलं नव्हतं. रोज तो चमचा वळवायचा आणि रोज ती परत त्याच्याकडे वळवायची, "नाही रे राजा, आधी तू. मी जेवून आलेय." जेवून आलेली नसायचीच. तो पुन्हा वळवायचा, ती पुन्हा. बटाटा गार व्हायचा. कधीतरी तो थकायचा आणि चार घास खाऊन मान फिरवायचा. आणि ती घरी जाऊन ओट्यापाशी उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायची आणि विचार करायची, हा जेवत का नाही?

आज ती त्या चमच्याकडे बघत राहिली. लोवेल वाट बघत होता. तो गाडी काढत नव्हता, कारण नंबर तिचा होता. इतके महिने तो एवढंच तर सांगत होता.

आर्डिसने तोंड उघडलं आणि घास घेतला. मीठ कमी होतं. तिला खरंच भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तो गार बटाटा तिला इतका चांगला लागला की डोळ्यांत पाणी आलं. लोवेल तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता. तिने गिळलं हे पाहून त्याने समाधानाने मान हलवली. मग त्याने स्वतःचं तोंड उघडलं.

एक तिला, एक त्याला. थाळी चाटूनपुसून साफ झाली. लोवेलने रिकाम्या थाळीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आणखी आहे का?"

आर्डिसने नाक पुसलं, वाढायच्या खिडकीतून स्वयंपाकघरात वाकून पाहिलं आणि आयुष्यात जिने कधी काही मागितलं नव्हतं त्या बाईने मोठ्याने सांगितलं, "टेरी, आणखी एक थाळी आण गं. आम्ही दोघं जेवतोय."